माहीत नाही म्हणणारे हबीबसर

हे लिहायचं मी तीस वर्षं टाळलं. विसरलो होतो असं नाही. दोन वर्षांपूर्वी नांदेडच्या आमच्या जुन्या कॉलेजने स्मरणिका काढली, तेव्हा तिचं काम पाहणारी मुलगी घरी आली. "हबीबसरांवर तुम्हीच लिहायला पाहिजे सर, तुम्ही त्यांच्यासोबत गावोगाव फिरलात," म्हणाली. मी तीन पानं लिहून दिली. त्या पानांत खोटं काही नव्हतं. लोकांना आवडली, फोन आले. एका जुन्या विद्यार्थ्याने फोनवर विचारलं, "सर, हबीबसरांनी व्याख्यानं बंद का केली, ते काही तुम्ही लिहिलं नाही."

मी म्हणालो, "तब्येतीमुळे."

हे मात्र खोटं होतं. सरांची तब्येत तेव्हा माझ्यापेक्षा चांगली होती. आता माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि मोतीबिंदूचं दुसरं ऑपरेशन व्हायचं आहे. त्याआधी स्वतःच्या हाताने लिहून टाकतो.

हबीबसर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. घराणं जिल्दसाजांचं, म्हणजे पुस्तकं बांधणाऱ्यांचं. नांदेडच्या जुन्या गावात त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. बांधायला आलेली पुस्तकं परत जाण्याआधी वाचून काढायची, ही सरांची शाळा. वाचता वाचता एका फाटक्या इंग्रजी पुस्तकात त्यांना प्रकाशावरचा धडा सापडला, पण त्याची शेवटची पानं गहाळ होती. "ती पानं शोधायला म्हणून एम.एस्सी. केलं," असं ते सांगत. खरंखोटं त्यांनाच ठाऊक.

मी त्यांच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर होतो. लोह्याजवळच्या खेड्यातून आलेला, शेतकऱ्याच्या घरचा. सरांना दर महिन्याला एक-दोन रविवारी कुठल्या तरी गावी व्याख्यान असे. एखादा हेडमास्तर पत्र पाठवायचा आणि आम्ही एसटीने निघायचो. एक पत्र्याची पेटी, एक सायकलचं चाक आणि एक पाटी. सर नेहमी मागच्या चाकावरच्या सीटवर बसत. इतर सगळे ती सीट सोडून बसत, कारण तिथे हाडं खिळखिळी होतात. "इथं रस्ता कसा आहे ते बरोबर कळतं," म्हणायचे आणि उडता उडता टिपणं काढायचे. त्यांचं ते अक्षर पुढे फक्त मलाच लागायचं.

विषय मोठे असत. अणूच्या पोटात काय आहे, तारे कशाने जळतात, लेसरचा किरण, टीव्हीत चित्र येतं कुठून. जळकोटला ते अणूवर बोलत होते. म्हणाले, अणू या मैदानाएवढा केला, तर त्याचं केंद्र बाजरीच्या दाण्याएवढं. बाकी सगळं जवळजवळ रिकामं. पुढे बसलेला एक फेटेवाला उठला.

"सर, मंग मी रिकामा, खालची सतरंजी रिकामी. मंग मी सतरंजीतून खाली कसा जाईना?"

लोक हसले. सर हसले नाहीत. "बसा पाटील. हा प्रश्न विचारायला विद्वानांना लई वर्षं लागली, तुम्ही दोन मिनिटात विचारून राहिले," म्हणाले आणि ठरलेलं व्याख्यान बाजूला ठेवून तासभर त्या सतरंजीवरच बोलले.

सायकलचं चाक मात्र सगळ्यांना पाठ झालं होतं. आसाच्या एका टोकाला दोरी बांधायची, चाक जोरात फिरवायचं आणि दोरी हातात धरून दुसरं टोक सोडून द्यायचं. चाक खाली न पडता आडव्या आसावर तरंगल्यासारखं हळूहळू गोल फिरायचं. कुणीतरी ओरडायचंच, "मास्तर, पेलंय काय हे?" आणि सर म्हणायचे, "पिलेला पडतो भाऊ. हे फिरून राहिलं म्हणून पडत न्हाई." मग चाक थांबवून तीच गोष्ट पुन्हा करून दाखवायचे आणि तेव्हा ते पडायचं.

पण सरांची खरी ओळख म्हणजे पाटी. साधी शाळेची, लाकडी चौकटीची. व्याख्यान संपलं की ते विचारत, "आता विचारा." उत्तर येत असेल तर देत. येत नसेल तर मोठ्याने, माइकवर, "माहीत नाही," म्हणत आणि प्रश्न पाटीवर लिहीत. पुढच्या वर्षी त्या गावात गेलं की आधी त्या प्रश्नाचं उत्तर, मग नवं व्याख्यान. उत्तर तोवरही मिळालं नसेल तर पुन्हा "माहीत नाही". एवढा शिकलेला माणूस हजार लोकांपुढे असं म्हणतो, याची पहिल्यांदा मलाच लाज वाटायची. एकदा बसमध्ये मी तसं म्हणालो. ते म्हणाले, "माधव, माझ्याजवळ देण्यासारखं दुसरं काय आहे? मी माहीत नाही म्हणतो, म्हणून तर मी माहीत आहे म्हणतो ते लोक खरं मानतात."

उमरीला एक मावशी होती, बाजारात पालेभाजी विकणारी. व्याख्यान टीव्हीवर होतं, पण तिचा प्रश्न तव्यावर होता. "तवा बेताचा तापला की पाण्याचा थेंब चर्र करून जातंय. लई तापला की जाईचना, गोळी होऊन नाचतंय. जास्त तापल्यावर तर लवकर जायाला पायजे का न्हाई?"

सरांनी पाटी पुढे ओढली. मग म्हणाले, "मावशी, माहीत नाही." सगळं मैदान हसलं. मावशी मात्र हसली नाही. तिच्या तोंडावर समाधान दिसलं, आपण काहीतरी खरंच विचारल्याचं.

त्यानंतर आठवडाभर सरांच्या घरी तव्यावर पाणीच शिजत होतं. सरांच्या पत्नी शमीमभाभी मला म्हणाल्या, "तुम्हारे सर को बोलो, कभी रोटी भी डालने दो." सरांनी दोन-तीन ठिकाणी पत्रं लिहिली, पुस्तकं मागवली. पुढच्या वर्षी उमरीला जाताना पेटीत स्टोव्ह आणि तवा होता. मावशी सभेला आली नव्हती. तिला बाजारातून बोलावून आणेपर्यंत सरांनी व्याख्यान सुरूच केलं नाही. मग तिच्यासमोर तवा तापवून थेंब टाकला आणि सांगितलं की तवा फार तापला की थेंबाची खालची बाजू टेकताक्षणी वाफ होते आणि त्या वाफेच्या गादीवर वरचा थेंब बसतो. तव्याला लागतच नाही.

मावशी म्हणाली, "म्हंजी चटका बसायच्या आधी वाफच मधी उभी राहती."

सर इतके खूश झाले की माइक माझ्या हातातून काढून घेतला. "आज माधवरावांची सुट्टी! सार मावशीनं सांगितलं."

ते सार सांगणं हे माझं काम होतं आणि इथून पुढचं सगळं त्यावर आहे. सरांची मराठी चांगली होती, पण बोलायला लागले की पुस्तकी शब्द यायचे, अधूनमधून उर्दूही. शिवाय व्याख्यानं चारला सुरू होऊन असरच्या, म्हणजे दिवस कलतानाच्या नमाजाच्या, सुमाराला संपत. प्रश्न झाले की सर खडूचे हात धुवायला जात, नमाजाआधीची वजू करत, म्हणजे हातपाय-तोंड धूत, आणि मशिदीत किंवा शाळेच्याच एखाद्या खोलीत नमाज पढत. तेवढ्या वेळात मी माइक घ्यायचा आणि "सरांचं म्हणणं थोडक्यात असं," म्हणून दहा मिनिटांत आपल्या बोलीत सगळं सांगायचं. लोकांना ते आवडायचं. खरं सांगायचं तर कित्येकदा सरांपेक्षा मला जास्त टाळ्या पडायच्या आणि मलाही ते आवडायचं. परत आल्यावर सर विचारायचे, "क्या बोला?" मी म्हणायचो, "तुमचंच, जरा सोपं करून." बारा वर्षं असं चाललं.

मग भूकंप झाला. त्याबद्दल मी वेगळं काय लिहू. लातूरकडची ती गावं सगळ्यांना माहीत आहेत. त्यानंतर कित्येक महिने सगळ्या भागात जमीन हलत राहिली आणि हलली नाही तेव्हा अफवा हलवत होत्या. अमुक तारखेला येणार, अमुक दिशेने येणार. औशाकडच्या एका गावातून सरपंचांनी निरोप पाठवला. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं अजून आहेत. गाव पडलं नव्हतं, पण दगडमातीच्या जाड भिंतींना भेगा गेल्या होत्या आणि सगळं गाव शेतात ताडपत्रीखाली राहत होतं. थंडी सुरू झाली होती. "सर, तुम्ही येऊन सांगा, लोक तुमचं ऐकतील," असं सरपंचांनी लिहिलं होतं.

त्या दिवशी पेटी नेली नव्हती. फक्त पाटी. सरांनी जमीन का हलते ते सांगितलं, अगदी साधं. मग म्हणाले, "आता विचारा." प्रश्न एकच होता. एका बाईने विचारला. तिचं नाव सोजरबाई. नाव मला नंतर कळलं.

"सर, आता पुन्ना येईल का? घरात जावावं का न्हाई?"

सर म्हणाले, "माहीत नाही ताई. तारीख, वार, वेळ जगात कुणालाच माहीत नाही. जो माहीत आहे म्हणतो तो खोटं बोलून राहिला. पण एक मला माहीत आहे. ह्या भेगा पडलेल्या भिंतींखाली जाऊ नका. थंडी सोसा, हलक्या पत्र्याचं करून घ्या." आणि त्यांनी पाटीवर लिहिलं, "पुन्हा येईल का?"

पाटी त्यांनी खुर्चीला टेकवून ठेवली. सर हात धुवायला गेले.

माइक माझ्या हातात होता. समोर दोनशे-अडीचशे माणसं, तोंडं काळवंडलेली. लहान पोरं सारखी खोकत होती. सरपंच माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "माधवराव, काहीतरी धीराचं बोला. लोकं एवढ्या आशेनं आलेत, असं माहीत न्हाई ऐकून कसं जातील?" मला वाटलं, बरोबर आहे. मला हेही वाटलं की एवढा मोठा धक्का होऊन गेला, आता काय होणार. आणि सगळं लिहायचं म्हणून लिहितो, मला टाळ्या ऐकायच्या होत्या.

मी म्हणालो, "सरांचं म्हणणं थोडक्यात असं. मोठा धक्का होऊन गेला. धरणीचा जोर आता निघून गेलाय. भ्यायचं कारण न्हाई. लेकरं गारठून राहिली, आता आपापल्या घरला जावा."

टाळ्या पडल्या. म्हातारी माणसं रडली. सर टोपी घालून परत आले तेव्हा लोक त्यांच्या पाया पडत होते. सर गोंधळले. परतताना सरपंचांच्या जीपमध्ये म्हणाले, "आज एवढं काय झालं? क्या बोला?"

"नेहमीचंच, सर."

नवव्या दिवशी दुपारी एक धक्का बसला. फार मोठा नव्हता, नांदेडला तर कळलाही नाही. पण त्या गावात सोजरबाईंच्या चुलीमागची भिंत आत बसली. त्या भाकरी करत होत्या. जीव वाचला, डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. एका स्थानिक पेपरात बातमी आली, नांदेडच्या प्राध्यापकाने घरात जायला सांगितलं म्हणून. माझं नाव कुठेच नव्हतं. असायचं कारणही नव्हतं. मी तर नेहमी "सरांचं म्हणणं" सांगत होतो.

सर लातूरच्या दवाखान्यात गेले. मी सोबत होतो. सोजरबाईंचा नवरा सरांना पाहून उठला. "तुमीच म्हणले ना घरला जावा? तुमीच ना? एवढी पुस्तकं शिकून काय केलं?" सरांनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग मान किंचित वळवून माझ्याकडे. मी दाराशी उभा होतो, चौकट धरून. सर त्याला म्हणाले, "चूक झाली भाऊ. माझ्याकडून मोठी चूक झाली." आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसले.

जिन्यावरून उतरताना त्यांनी विचारलं, "माधव, त्या दिवशी तू काय बोलला होतास?"

"तुमचंच सर. जरा सोपं करून."

"अच्छा," सर म्हणाले.

त्यानंतर त्यांनी मला कधीही विचारलं नाही. बोलावणी हळूहळू बंद झाली. सरांनी एक-दोन ठिकाणी स्वतःच नकार कळवला. सरांच्या नावावरून, म्हणजे ते कोण आहेत त्यावरून, काही लोक जे बोलले ते मी ऐकलं आणि तिथेही गप्प बसलो. आयुष्यभर माहीत नाही म्हणत आलेला माणूस, माहीत नसताना ठोकून देणारा म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. मी तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं.

मी नोकरी सोडून लातूरला गेलो. क्लासेसचे दिवस सुरू झाले होते. मराठवाड्यातून पोरं ट्रंका घेऊन लातूरला उतरत होती, डॉक्टर-इंजिनिअर व्हायला. मला एक गोष्ट फार चांगली येत होती, थोडक्यात सांगणं. तीस पानांचा धडा एका कागदावर, तीन ओळींचं गणित एका ओळीत. माझा क्लास चालला. सांगायला नको इतका चालला.

नव्या हॉलच्या उद्घाटनाला मी सरांना बोलावलं. का बोलावलं, मला आजही नीट सांगता येत नाही. ते आले, एसटीने. पिशवीतून तांब्याची एक नळी आणि एक लोहचुंबक काढलं. चुंबक नळीत सोडलं. ते दगडासारखं खाली पडलं नाही, सावकाश, रमतगमत उतरलं. सरांनी विचारलं, "का?"

तीनशे पोरांनी एका सुरात नियमाचं नाव सांगितलं. सर म्हणाले, "हे तर नाव झालं. पण चुंबक तांब्याला चिकटत नाही, शिवतही नाही. मग त्याला अडवतं कोण?"

दोघा-तिघांनी नोट्स उघडल्या. तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उठली. "माहीत नाही, सर." आमच्या क्लासात असं म्हटलं की पोरं हसत. तशी आताही सगळी पोरं हसली. मुलीचा चेहरा पडला.

"शाब्बास बेटा!" सर टाळी वाजवून म्हणाले. "चला, आता शिकायला सुरुवात करू."

त्याच वेळी मागे पालकांत कुणीतरी शेजारच्याला म्हणालं, "हेच का वो ते भूकंपवाले सर?" आवाज हळू होता, पण हॉल शांत असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला. दोघं-तिघं हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. एखादा विद्यार्थी उत्तराच्या अगदी जवळ आलाय असं वाटलं की ते वर्गात जसे थांबायचे, तसे थांबले.

माइक माझ्याच हातात होता. मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणालो, "वेळ कमी आहे. तर सरांचं म्हणणं थोडक्यात असं..."

सर खाली बसले.

शेवटची भेट त्यानंतर सहा-सात वर्षांनी, नांदेडला. मी सांगायचं असं ठरवूनच गेलो होतो. सर रिटायर होऊन पुतण्याच्या दुकानात बसत होते, त्याच जुन्या जिल्दसाजीच्या. आता तिथे क्लासेसच्या नोट्स बांधायला येत. सरांच्या मांडीवर माझ्याच क्लासच्या नोट्सचा गठ्ठा होता.

"तुझ्याच आहेत," ते म्हणाले. "बांधता बांधता वाचल्या. आदत गेली नाही. चूक कुठं सापडली नाही." बोटांना खळ लागलेली होती. मागे खुंटीला ती पाटी टांगलेली होती. "पुन्हा येईल का?" अक्षरं ताजी दिसत होती. पुसट झाली की चाचा पुन्हा गिरवतात, असं पुतण्या म्हणाला. वर्षातून एकदा चाचा औशाकडे कुणा सोजरबाईंकडे जाऊन येतात, हेही त्यानेच सांगितलं. त्यांचं नवं घर बांधताना म्हणे सर पंधरा दिवस तिथे राहून भिंती बघत होते.

चहा आला. सर बशीत ओतून पीत होते. मी म्हणालो, "सर, औशाकडच्या त्या गावात, त्या दिवशी... थोडक्यात सांगायचं तर..."

त्यांनी बशी खाली ठेवली. "थोडक्यात नक्को, माधव. सुरुवातीपासून सांग. मी ऐकून राहिलो."

मी तोंड उघडलं आणि असरची अजान झाली. सर उठले, हात धुतले, टोपी घातली. "मी नमाज पढून येतो. बैस. जाऊ नको." गल्लीच्या टोकाला पोहोचल्यावर ते वळले आणि मी बसलोय का ते त्यांनी पाहिलं. मी बसलेलो होतो. त्यांनी हात वर केला आणि मशिदीकडे वळले. मी सरांना पाहिलं ते शेवटचं.

दहा मिनिटं माझ्याजवळ होती, नेहमी असायची तेवढीच. समोर पाटी होती. मी उठलो. पुतण्याला म्हणालो, "गाडीची वेळ झाली, सरांना सांगा, पुन्हा येतो." त्यानंतर मी गेलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात सर गेल्याचं पत्र आलं.

परत येऊन सर माझ्या रिकाम्या जागेकडे पाहून काय म्हणाले असतील, मला माहीत नाही. "क्या बोला?" असं त्यांनी पुतण्याला नक्की विचारलं असेल. तर सर, मी हे बोलणार होतो. त्या दिवशी तुम्ही माइकवर "माहीत नाही" म्हणाला होतात. भिंतींखाली जाऊ नका म्हणाला होतात. घरला जावा, हे तुम्ही नाही, मी म्हणालो. तुम्ही हात धुवायला गेला होतात. सोजरबाईंना, त्यांच्या मालकांना, सगळ्या गावाला मी ते सांगायला हवं होतं, आणि सगळ्यात आधी तुम्हाला, जिन्यावर, तुम्ही विचारलंत तेव्हा. मला माफ करा, सर.